सारसांचा फोल्डर

प्रिय भाऊ,

वर तू उद्याच्या भाषणाची तालीम करून राहिलास, आणि खाली माझ्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येतोय. 'सात वर्षं मी सारसांमागे चिखल तुडवला,' हे वाक्य तू तीनदा म्हटलंस. चिखल कोणी तुडवला ते मुर्रीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. उदारामकाकांच्या धानाच्या बांधीत त्या माणसाएवढ्या उंच पक्ष्यांचं पहिलं घरटं सापडलं, तेव्हा चार दिवस शेताच्या कडेला, धुऱ्यावर मी बसून होते. अंडी फुटेपर्यंत त्या कोपऱ्यात पाय ठेवू नका म्हणून काकांना मनवलं ते मी. तू एकदा मोटरसायकलवर आलास, "इतक्या मच्छरात कायले बसतेस?" म्हणालास आणि परत गेलास.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरात जागा पुरेना, म्हणून सगळे फोटो तुझ्या वरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं. तूच राउटरवरून दोन्ही मशिनी जोडल्यास, फोल्डर शेअर करून दिलास. केवढा अभिमान वाटला होता तुझा! मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडायला गेले, तर स्क्रीनवर आलं, परवानगी नाही. तुला विचारलं. "नेटवर्कचा प्रॉब्लेम होऊन राहिला असंन, पाहतो ना," म्हणालास, आणि पाहिलं नाहीस. शेवटी मीच बसले. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वर्कग्रुपमध्ये आहेत का ते पाहिलं, राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, फायरवॉल तपासली. सगळं ठीक. इथून पाठवलेलं पान तुझ्या प्रिंटरवर छापून निघायचं, फोल्डर तेवढा उघडेना. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आठ दिवस मी स्वतःलाच मूर्ख म्हणत होते, भाऊ.

तू सालेकसाला गेलास त्या दुपारी चेतनावहिनींनी तुझी खोली उघडून दिली. फोल्डर कोणाला उघडता येईल याची एक यादी सेटिंगमध्ये असते. त्यात माझं नाव राहून गेलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. पण नाव होतं, आणि त्याच्यापुढे नकाराच्या रकान्यात खुणा होत्या. तुझ्या हातानं केलेल्या. मी त्या काढल्या. आत छापायला तयार असलेलं पुस्तक निघालं. एकशे बारा फोटो माझे, मुखपृष्ठावर नाव तुझं. माझं नाव शेवटच्या पानावर, चहापाण्याची सोय केल्याबद्दल आभार म्हणून.

रडले नाही. वहिनी दारातच उभ्या होत्या. "नीतूबाई, आता चूप नका राहू," एवढंच म्हणाल्या.

कॅमेऱ्याची मूळ कार्डं माझ्याच कपाटात होती. ती आणि उदारामकाकांना घेऊन मी प्रकाशकांकडे गेले. त्यांनी फोटो, तारखा, सगळं जुळवून पाहिलं, काकांना चार प्रश्न विचारले आणि डोक्याला हात लावला. मुखपृष्ठ बदललं. तुला लगेच फोन करतो म्हणत होते, मीच हात जोडून थांबवलं. म्हटलं, पाहुणे जमू द्या. त्याला मंचावर चढू द्या. पुस्तकावरचा कागद त्यालाच सोडू द्या. आढेवेढे घेत का होईना, ते तयार झाले. तुझा राग त्यांनाही आलाच होता.

हे पत्र वहिनी तुला उद्या प्रकाशन समारंभानंतर देतील. तोवर भरल्या सभागृहात तू मुखपृष्ठावर माझं नाव वाचलेलं असशील. मी पहिल्या रांगेत बसून तुझं तोंड पाहिलेलं असेल, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलेलं असेल. घरी आल्यावर तू धावत खाली येशील. मी नसेन, थोडे दिवस उदारामकाकांकडे जातेय. हे सगळं तुझ्या तोंडावर सांगायला मी भीत नाही. पण तू एकदा "नीतू" म्हणून हाक मारलीस की मी लहानपणापासून विरघळत आलेय. या वेळी मला विरघळायचं नाही, म्हणून लिहिलं.

तरीही तुझीच,
नीतू