बेंगळुरूचे दोन दिवस

कडेगाव

चि. रेश्मास आप्पाचा आशीर्वाद.

आमाला न इचारता लग्न करून तू बेंगळुरूला गेलीस, तवा मी म्हणालो हुतो, "आता हिकडं पाऊल टाकू नगं." त्याला सहा वर्षं झाली. तू खरंच आली न्हाईस.

आवंदा तुझ्या आईनं बेंगळुरू बघायचं काढलं. मिरजंतनं रेल्वेची तिकिटं काढली. पयल्या दिवशी लालबाग, दुसऱ्या दिवशी विधानसौध, असं मी कागदावर लिवलं. ती म्हणाली, "आवं, ह्यात लेकीचं घर कुटं हाय?"

"बोलावल्याबिगर कुठल्या तोंडानं जायचं?" मी म्हणालो.

म्हणून हे पत्र लिवाय बसलो. माफी कशी मागत्यात ते सुचंना, चार कागद फाडलं. शेवटी आईनंच फोन लावला, आमी येतूय म्हणून तुला सांगितलं आन फोन माझ्या कानाला धरला. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "आप्पा, लॉज बघू नका. स्टेशनवर मी येते."

आता हे पत्र टपालात टाकत न्हाई, तुझ्या हातातच दीन. माफी तुझ्यासमोर उभा ऱ्हाऊन मागीन. तवा मला रडू आलं तर तुझ्या आईला तेवढं हसू देऊ नगं.

तुझ्याकडं निघालेला,
आप्पा