छपराखालचा वारा

२ ऑगस्ट, शनिवार

टण्. टण्-टण्. टण्.

सकाळी चुलीत कोळसा घालताना हा आवाज आला. आला म्हणजे काय, आठवला. जुन्या मैदानावर झेंड्याची दोरी वाऱ्याने खांबावर आपटायची, तो. आमची शाळा मैदानाला लागूनच. प्रिंगल बाई बुडालेल्या जहाजांच्या लांबलचक कविता म्हणून घ्यायच्या, आणि दोन कडव्यांच्या मध्ये ती दोरी बोलायची. टण् सावकाश आला तर वारा डोंगरावरचा. घाईने आला तर दक्षिणेचा, ध्रुवाकडून समुद्रावरून येणारा, हाडं गोठवणारा. कविता आणि वारा मी एकाच बाकावर शिकलो.

आता तिथे गोदामं आहेत. आणि बंदराच्या बाजूला छप्पर घातलेलं नवं स्टेडियम, तो डबा! जगभर असे डबे झालेत म्हणे. कुठे छप्पर सरकतं, कुठे बटण दाबलं की छत्रीसारखं मिटतं. आमचं सरकतही नाही. कायमचं बसवलंय, पारदर्शक, आभाळाला घातलेलं झाकण. बांधायचं ठरलं तेव्हा मी भर सभेत उठून सांगितलं होतं, "त्या डब्यात हा माणूस पाय ठेवणार नाही!" टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारे आज तिथेच जाऊन बसतात. कोरडे!

आज मोरागचा तिथे पहिला सामना. माझी नात प्रांताच्या मुलींच्या रग्बी संघात निवडली गेली, आणि खांबांमधून किक मारायचं काम तिच्याकडे. "आजोबा, एकदाच या ना," म्हणाली. मी म्हटलं, शेजारी नोलीनकडे टीव्हीवर बघतो. तिने बूट उचलले आणि निघाली.

संध्याकाळी —

हरले. एका गुणाने.

मोरागच्या तीन किका हुकल्या. तिन्ही उजव्या खांबाच्या बाहेरून गेल्या, आणि तिन्ही सारख्याच अंतराने. नोलीन म्हणाली, "पोरीला खांब दिसत नाहीत की काय?" मला पहिल्याच किकेला कळलं होतं.

आमच्या कुरणात मी तिच्यासाठी दोन खांब रोवले, ती सहा वर्षांची असताना. तिथे समुद्र उजव्या हाताला. वारा कायम उजवीकडून येतो आणि चेंडूला डावीकडे लोटतो. म्हणून मी शिकवलं, नेम उजव्या खांबाच्या बाहेर धरायचा, उरलेलं काम वाऱ्याचं. खांबांवर नेम धरतो तो शहरातला! आणि मारण्याआधी चिमूटभर गवत उपटून हवेत सोडायचं, ते कुठे जातं बघायचं. आज तिने गवत सोडलं. ते सरळ तिच्या बुटांवर पडलं. तिने परत उपटलं, परत सोडलं. परत बुटांवर! टीव्हीवरचे ते दोघे समालोचक हसायला लागले. एकजण म्हणाला, "छपराखाली वाऱ्याची चौकशी चाललीय!"

गवताने खरं सांगितलं होतं. पण तिच्या पायाने ऐकलं नाही. पायाला लहानपणापासून एकच गोष्ट ठाऊक.

हसतात! ज्यांच्या टोपीला कधी वारा लागला नाही ते हसतात!

३ ऑगस्ट, रविवार

मोराग आली नाही. दर रविवारी येते. दोघांचे चीज रोल भाजले होते. सगळे मीच खाल्ले, रागाने.

५ ऑगस्ट, मंगळवार

आली. पण आत आली नाही. दारातच उभी. तिला संघातून काढलं. म्हणजे राखीव म्हणून बाकावर बसवलंय. किका आता लोसालीने नावाची मुलगी मारणार. टोंगन कुटुंब, मूळचं बेटांवरचं, पण जन्म इथला. त्या डब्यातच सराव करून वाढलेली.

"कोच काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"किलगूर बाई म्हणाल्या, तुझ्या किकेत काही खोट नाही. खोट तुझ्या आजोबांत आहे."

माझं डोकंच फिरलं. मी सुरू झालो. छप्पर, नगरपालिका, कोच, प्लॅस्टिक, सगळ्यांचा उद्धार. रग्बी म्हणजे चिखल, रग्बी म्हणजे दक्षिणेचा वारा, हे काय दिवाणखान्यातले खेळ! तिने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र एकदम कोरडा.

"तुम्ही मला वाऱ्यासाठी वाढवलंत, आजोबा. आणि वारा राहिलाय कुठे?"

आणि गेली. गाडीचं दार इतकं जोरात आपटलं की कुंपणावरचा टुई पक्षी उडाला.

६ ऑगस्ट, बुधवार

मला काय माहीत होतं, लोक वाराच काढून टाकतील म्हणून? माणूस नदी आटवतो, डोंगर कापतो, इथवर ठीक. पण वारा?

८ ऑगस्ट, शुक्रवार

गेलो! हो, गेलो त्या डब्यात. शपथ मोडली. बघायला नव्हतो गेलो, भांडायला गेलो होतो. भांडायला गेलेलं शपथेत धरत नाहीत.

सरावाची वेळ. फाटकावरच्या मुलाला सांगितलं, कोचला भेटायचंय, ओळखीची आहे. खोटं नाही. तिचा बाप माझ्या संघात होता, दोन्ही गुडघे गेलेला, तरी खेळायचा. आत गेलो आणि पहिल्यांदा वर पाहिलं. छप्पर म्हणजे प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या उशा, पलीकडे राखाडी आभाळ, त्यावर बाहेरून पाऊस पडतोय आणि थेंब एखाद्या दुसऱ्याच गावात पडत असल्यासारखे. खाली गवत मात्र खरं. हिरवंगार! ते बघून आणखीच राग आला. चार चिमण्या आतच राहतात, खाऊनपिऊन लठ्ठ.

वाकलो (कमरेने शिव्या दिल्या), चिमूट उपटली, सोडली. सरळ खाली. थडग्यावर माती टाकतात तशी.

किलगूर बाई आल्या. "काका! तुम्ही? इथे? थांबा, कुणीतरी फोटो काढा रे!"

"फोटो राहू दे. माझ्यात खोट आहे म्हणालीस?"

"म्हणाले."

"तोंडावर सांग."

"तोंडावरच सांगतेय, काका. तुम्ही तिला किक शिकवली नाहीत, तुमचं कुरण शिकवलंत. ते कुरण ती पायात घेऊन फिरते. मी काय करू? छप्पर काढू?"

"काढ!"

ती हसली. मला ते आवडलं नाही. म्हटलं, तुझे वडील असते तर त्यांनी या उशा दातांनी फोडल्या असत्या. म्हणाली, "वडील असते तर पुढच्या रांगेत घोंगडी घेऊन बसले असते. त्यांना थंडी फार वाजायची, काका. तुम्हा कुणाला कधी सांगितलं नाही त्यांनी."

मी तिच्याकडे पाठ फिरवली.

पलीकडे ती लोसालीने किका मारत होती. एकामागून एक. सरळ, मधोमध, दोरीवरून सोडल्यासारख्या. गवत नाही, आभाळाकडे नजर नाही, काही नाही. मी जवळ गेलो. मनात आलं तेच बोललो, "कुंडीतलं रोप!"

तिने वळून पाहिलं. थोराड, गोल चेहऱ्याची पोर. रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही मोरागचे आजोबा ना? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

मोराग बाकावर बसली होती, पाठ माझ्याकडे. वळली नाही. मी आलोय हे तिला कळलं होतं. माझा आवाज त्या छपराखाली चारी बाजूंनी घुमत होता.

९ ऑगस्ट, शनिवार

जिंकले. लोसालीनेची एकही किक हुकली नाही. मोराग बाकावर. टीव्हीवर क्षणभर दिसली. टाळ्या वाजवत होती. मनापासून. हे मला सहन होत नाही. आमच्या काळी बाकावरचा माणूस बूट चावायचा!

नोलीन म्हणाली, "वॉटी, तुला दुःख कशाचं आहे? पोर बसली त्याचं, की तुझी विद्या बसली त्याचं?"

तिचा चहा न पिता उठून आलो.

१७ ऑगस्ट, रविवार

नाही आली. सलग तिसरा रविवार. फोनही नाही.

कुरणात गेलो. खांब अजून उभे. दक्षिणेचा वारा इतका की मेंढ्या कुंपणाला टेकून उभ्या. प्रिंगल बाईंची जहाजाची कविता मोठ्याने म्हटली. कप्तान सुकाणू धरून ओरडतो ते कडवं. पूर्वी मोराग किक मारायची आणि मी हे कडवं म्हणायचो. शेवटच्या ओळीला चेंडू खांबांमधून जायचा. ती म्हणायची, "आजोबा, कविता लवकर संपवा, पाय गारठला!" आज कडवं अर्ध्यातच विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा. यालाही ते छप्परच जबाबदार!

२३ ऑगस्ट, शनिवार

उपांत्य सामना जिंकले. अंतिम फेरी, तीही घरच्या मैदानावर, सहा सप्टेंबरला. सगळं शहर नाचतंय. मी चूल साफ केली.

२७ ऑगस्ट, बुधवार

हा! हा हा!

अंतिम सामना डब्यात होणार नाही! परदेशातून कुणी गाणारी येतेय, तिचा कार्यक्रम त्याच दिवशी. तारीख वर्षभर आधीच दिलेली. गवतावर फळ्या टाकून रंगमंच बांधायला घेतलाय. ज्या गवताचं एवढं कौतुक, त्यावर फळ्या! नोलीन म्हणाली, मुलींचा संघ अंतिम फेरीत जाईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. म्हणजे बघा! स्वतःच्या पोरींवर यांचा विश्वास नव्हता, म्हणून छप्पर भाड्याने दिलं!

सामना आता दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका जुन्या मैदानात. उघड्या. तिथला वारा मी खाल्लाय. तिथे चेंडू मागे फिरून स्वतःच्याच तोंडावर येतो.

१ सप्टेंबर, सोमवार

हवामान: शनिवारी दक्षिणेचे वादळी वारे, गारा.

देव आहे.

आता मोरागला घ्यावंच लागेल! तिच्याशिवाय त्या मैदानात कोण किक मारणार? कुंडीतलं रोप? पहिल्याच झोताला मोडेल. सगळ्या शहराने बघावं. त्या दोघा हसणाऱ्यांनी तर बघावंच.

२ सप्टेंबर, मंगळवार

फोन केला. मी केला, तिने नाही. म्हटलं, "मोराग, किलगूरला सांग, शनिवारी किका मी मारते. कुरणात ये, चार दिवस आहेत."

मग म्हणाली, "आजोबा, महिनाभर मी सरळ मारायला शिकतेय. पहाटे उठून. तुमचं पायातून काढून टाकायला शिकतेय. निम्मं निघालंय. आता मला तुमचंही येत नाही आणि त्यांचंही येत नाही."

मी म्हटलं, कुणी सांगितलं होतं काढायला? जे रक्तातलं ते असं—

"मला खेळायचं होतं म्हणून!" ओरडली. "तुम्हाला वारा हवाय. मला खेळायचं होतं."

मग हळू आवाजात, "लोसा घाबरलीय. आयुष्यात कधी वाऱ्यात मारली नाही तिने. काल बाहेर प्रयत्न केला, चेंडू कुठल्या कुठे. रात्री जेवली नाही."

मी काय बोललो? लिहितो, इथे तर खरं लिहायचं. मी म्हटलं, "बरं झालं."

तिने फोन ठेवला.

३ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर त्या दोन शब्दांशी भांडतोय. बरं झालं. का नाही म्हणायचं? माझ्या पोरीची जागा गेली. तिच्या जागी ज्या पोरीला बसवलं, तिला आता वारा भेटणार. यात माझं काय चुकलं? लोकांनीच आभाळ झाकलं. लोकांनीच उघडं केलं.

चुलीला सांगितलं, नोलीनला सांगितलं. नोलीन म्हणाली, "त्या पोरीने तुझं काय वाकडं केलंय, वॉटी? ती फक्त सरळ मारते."

राग कुणावर आहे तेच आता नीट सांगता येत नाही. पण आहे! भरपूर आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दार वाजलं. वाटलं नोलीन. बाहेर वारा असा की दार दोन्ही हातांनी ओढावं लागलं. पायरीवर लोसालीने. एकटी. दोन बस बदलून आलेली, केस चेहऱ्यावर चिकटलेले, काखेत चेंडू.

मी म्हटलं, "तू?" आणि मग तोंडात आलं ते सगळं बोललो. डबा, गाणारी, फळ्या, किलगूर, काही सोडलं नाही. ती पावसात उभी राहून ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "मोरागने पाठवलंय. म्हणाली, आधी आरडाओरडा करतील. तो संपेपर्यंत हलू नकोस. मग बूट घालतील आणि कुरणात नेतील."