सुनंदाचा अंगठा

रत्नागिरी, मंगळवार, १२ मे

आज चहाच्या वेळी आमच्या काजूच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना ऐकवलं, "फुकटचा तांदूळ मिळायला लागल्यापासून तुमचे हात चालेनासे झालेत." आणि लगेच काजू फोडणारी सुनंदा रेशनला जायला अर्धा दिवस मागते! हिंमत बघा.

दुपारी परत आली ती रिकामी पिशवी घेऊन. "वहिनी, मशीन माझा अंगठा घेत नाय." अंगठा माझ्या नाकासमोर धरला. सोललेल्या काजूसारखा गुळगुळीत, एक रेघ नाही. टरफलाचं तेल कातडी खातं, हे मला काय नवीन आहे? हातमोजे देता आले असते. पण मोज्यांनी काम मंदावतं. दुकानदार तिला म्हणाला म्हणे, "आठ दिवस काजूची बी फोडू नको, ठसा उमटायला लागला की ये."

म्हणजे तांदूळ हवा तर काम सोडायचं. मी म्हटलं, "मग बस घरी." ती अंगठा पदरात गुंडाळून गेली.

जेवताना तोच अंगठा डोळ्यांसमोर आला. तरी भात दोनदा वाढून घेतला.

उद्या बायका विचारतील, सुनंदा कुठाय? सांगणार आहे, "बघा, फुकटचा तांदूळ मिळतो ना, म्हणून कामावर येईनाशी झाली."