कासवाची जागा

चि. सौ. जानकीस,
थोरल्या जावेचा आशीर्वाद. नको असला तरी घे.

पार्ल्याच्या शाळेत रांगोळीचं प्रदर्शन लागलंय. मी चैत्रांगण काढलं, पण कासवाची जागा कोरी ठेवली. परीक्षक म्हणाले, "बाई, कासव राहिलं. नंबर जाईल."

मी म्हटलं, "गेला तर गेला. आमच्यात कासव धाकट्या जावेच्या हातचं असतं."

तू वेगळी चूल मांडलीस तेव्हा मी नाही नाही ते बोलले. चूक माझीच. एकदाच लिहिते, परत विचारू नकोस.

प्रदर्शन उद्या संपतं. हे पत्र पोचेस्तोवर रांगोळी पुसून टाकतील. त्यापेक्षा मीच आत्ता हे घेऊन तुझ्याकडे गोरेगावला निघते. चहा विचारलास तर पिईन, नाहीतर तुला तशीच उठवून आणीन कासव काढायला.

तुझी तोंडाळ जाऊ,
द्वारका