बाबांना परका हात चालत नाही

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढून फोन ठेवते, म्हणून पत्र लिहिते आहे. कागद निदान मधे तोंड घालत नाही.

गेल्या महिन्यात बाबांना पलंगावरून खुर्चीत घेताना ते हातातून निसटले. पायांत जीव नाही, तेव्हा सगळा भार माझ्यावर. उजव्या हाताने काखेत धरून कसंबसं सावरलं. ते वाचले, पण माझ्या खांद्यात जुनं कापड फाटावं तसं काहीतरी झालं. तेव्हापासून त्या कुशीवर झोपता येत नाही, पाठीमागचा हूक लावता येत नाही. पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कंगवा धरला की हात आपला आपण खाली येतो. काल एका बाईंनी विचारलं, की तुम्हाला डुलकी लागते आहे का.

तू पाठवलेलं मलम मिळालं. आता त्या वासाची मला शिसारी बसली आहे. उशीला तोच वास, टॉवेलला तोच, चहाच्या कपालाही तोच. दुखणं तिथेच आहे, भूक मात्र गेली.

बाबांना उचलायला एखादा माणूस ठेवू या का? त्यांना परका हात चालत नाही, असं ते तुझ्यापाशी रडून बोलले होते, हे तूच सांगितलंस, म्हणून मी विषय काढत नाही. तूच समजावशील का? वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी,
चिमी


१४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनी आणि मी खूप हसलो. डुलकीचा किस्सा झकास आहे. काळजीचं कारण नाही. याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, आमच्या बँकेत मॅनेजरसाहेबांना झाला होता, आपोआप गेला. मागच्या आठवड्यात वहिनी तिकडे आली तेव्हा तिने तुझा हात धरून थेट कानापर्यंत नेला होता, म्हणजे फाटलं-बिटलं काही नाही. तू लहानपणापासून राईचा पर्वत करतेस, हे प्रेमाने म्हणतो. दाराच्या कडीवरून दोरी टाकून रोज ओढत जा.

माणसाचा विषय बाबांपाशी चुकूनही काढू नकोस. परक्याने अंघोळ घालायची म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. पोटच्या पोरीची सर कुणाला येणार? तुझं किती कौतुक करतात ते.

प्रकृतीला जप. लोभ आहे, तो असाच राहो.

तुझा,
दादा


२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी दोरी ओढली. ओढून ओढून होतं तेही वाटोळं केलं. शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले. त्यांनीही वहिनीसारखाच माझा हात कानापर्यंत नेला, पण मग सोडून दिला. तो धपकन मांडीवर पडला. मी बघतच राहिले.

त्या म्हणाल्या, की फ्रोजन शोल्डर असता तर दुसऱ्याने उचलूनही हात वर गेला नसता. दुसरा उचलतो तेव्हा जातो आणि स्वतःला धरून ठेवता येत नाही, म्हणजे उचलणारा पट्टाच तुटला असणार. खांद्याच्या गोळ्याला असे चार पट्टे धरून असतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. थोडं फाटलं असेल तर विश्रांतीने आणि नेमक्या व्यायामाने बरं होतं. माझा एक पूर्ण तुटला आहे, एमआरआयमध्ये स्वच्छ दिसतं. सर्जन म्हणाले, की लवकर शिवला तर हात परत मिळेल. उशीर केला तर पट्टा आत आखडतो, स्नायूची चरबी होते आणि मग टाका धरत नाही.

नंतर दीड महिना हात झोळीत, आणि पुढे कित्येक महिने काही उचलायचं नाही. बाबा तर अजिबात नाही. माझं पोट या हातावर आहे, दादा. तू ये.

लोभ असेल तर तो आता दिसू दे.

चिमी


१२ जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

सर्जनचं काय घेऊन बसलीस, त्यांना कापाकापीच दिसते. ऑक्टोबरात मी नक्की येतो, महिनाभर राहतो. थंडीत जखमाही लवकर भरतात. तोवर डाव्या हाताने निभाव. माणसाचं मात्र डोक्यातून काढ, बाबा कोलमडतील.

रागावू नकोस. लोभात अंतर पडू नये.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

दादा,

ऑक्टोबर गेला. तुझ्या छोटीची परीक्षा, तुझी बढती, तुझा खोकला, सगळं वाचलं. मग मी कुणालाही न विचारता माणूस आणला. बाबा त्याला बघून काय म्हणतील या भीतीने दाराआड उभी राहिले.

बाबा म्हणाले, बरं झालं, आलास. त्याने त्यांना अलगद खुर्चीत बसवलं आणि ते त्याच्याशी गप्पा मारत बसले. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, की माझी कधीच हरकत नव्हती. चिमे, तुलाच घरात परका माणूस नको आहे, तुझ्यापाशी विषय काढला तर तुला वाईट वाटेल, असं दादाने सांगितलं होतं.

दोघांनाही तूच सांगितलंस. माणूस ठेवला असता तर त्याच्या पगाराचा अर्धा भार तुझ्यावर आला असता, एवढ्यासाठी. मला तुझी किळस येते.

ऑपरेशन झालं. पट्टा इतका आखडला होता की अर्धाच शिवता आला. हात खांद्यापर्यंत येईल, त्याच्या वर नाही. गिऱ्हाइकाचे केस वर धरायचे तर हात त्याच्या वर न्यावा लागतो. पार्लरमधली माझी खुर्ची दुसऱ्या मुलीला दिली. बाबांनी हात कुठवर जातो ते दाखव म्हटलं. मी दाखवला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तू भेटायला येतो म्हणतोस. ये. बाबा तुझेही आहेत. दार तो माणूस उघडेल, मी त्या दिवशी घरी नसेन.

कळावे. लोभ होता.

चिमी