एका पाटाचे दोघे

प्रिय सम्या,

पाकिटावर मुद्दाम माझं नाव टाकलं नाही. टाकलं असतं तर तू न वाचताच चुलीत घातलं असतंस. आता उघडलंयसच तर शेवटपर्यंत वाच की. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक कधी लिहिलं नाही, चुका काढत बसू नको.

इथं मॉरिशसला बिल्डिंगच्या कामावर येऊन दीड वर्ष झालं. एका जागी बूड टेकत नाही, आतापर्यंत तीन साईटी बदलल्या. गेल्या रविवारी मी एका माणसाचे दोन दात पाडले. कॅम्पात साठजणांत एक नळ, तोही तासभर. एक बिहारी गडी माझी बादली सरकवून स्वतःची लावायला लागला. मी बादलीच त्याच्या थोबाडावर हाणली. खाली पडला तरी मारत होतो. चौघांनी मला ओढून बाजूला केलं. नळ तसाच वाहत होता आणि पाण्याबरोबर रक्त गटारीत चाललं होतं. ते लाल पाणी बघितलं आणि मला आपली सरी दिसली.

गेटवर फेलिक्स म्हणून म्हातारा वॉचमन आहे. पूर्वी शाळेत मास्तर होता. माझ्या हाताला पट्टी बांधताना मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, तो तुझा रायव्हल होता काय रे? मी म्हटलं, व्हय. कोल्हापुरात फुटबॉल बघून बघून हा शब्द आपल्याला पाठच की. तर म्हातारा म्हणतो, इंग्रजीत न् फ्रेंचमध्ये हा शब्द सारख्याच अक्षरांनी लिहितात, बोलताना तेवढा वेगळा. दोन्हीकडं आला तो जुन्या लॅटिनमधनं, आणि त्याच्या मुळाशी आहे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे, ते रायव्हल. पुढं तीच माणसं पाण्यावरनं भांडायला लागली, मग शब्दातला ओढा लोक विसरले, नुसतं वैर राहिलं. एवढं सांगून तो निवांत चहा प्यायला लागला. माझा चहा तसाच गार झाला.

सम्या, आपण दोघं पाटाच्या काठावर पालथं पडून तोंड लावून पाणी प्यायचो. तुझी आई, विठाकाकी ओरडायची, मुडद्यांनो, जनावरं हाय काय तुम्ही! आणि वर दोघांच्या हातावर भाकरी ठेवायची. हाताला फोड येतात म्हणून मी खोऱ्याच्या दांड्याला सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळली, तेव्हा तू दात काढत म्हणालास, ऋत्या, नवरीला चुडा भरलास काय?

त्या बुधवारी बारापर्यंत पाटाच्या पाण्याची आमची पाळी, बारानंतर तुमची. साडेबारा होऊन गेले होते. माझ्या दोनच सऱ्या राहिल्या होत्या म्हणून मी पाणी सोडत नव्हतो. तू आलास आणि पायानंच माती ओढून माझ्या सरीचं दारं बंद केलंस. मी तुला आईवरनं शिवी दिली. काकी बांधावर उभी आहे हे बघूनही दिली. तू माझ्या कानाखाली ओढलीस. मग माझा थोरला भाऊ राजवीरदादा पळत आला, तुझ्या शर्टाला धरून तुला मागं रेटायला लागला. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. फिर्यादीत मात्र दुसरंच लिहिलंय. सम्राटनं खोरं घातलं, विठाबाई मार मार म्हणून ओरडत होती. तू तीन महिने आत काढलेस. काकी या वयात एसटीनं दर तारखेला कोर्टाच्या पायऱ्या चढते.

दादा तुझ्याकडं तोंड करून उभा होता, आणि वार बसला पोटरीवर, मागनं. हे पोलिसांना कळलं नाही, पण दादाला कळलं असणार. दोन वर्षं लंगडतोय, पण मला एका शब्दानं विचारलेलं नाही. मी तुझ्या पायावर घातलेलं खोरं त्याच्या पायात घुसलं. हाडावर पातं वाजलेलं अजून माझ्या मनगटात आहे. काकी ओरडत होती ते, सोडा रे, सोडा! माझे वडील, आबा तिला शिव्या घालत होते तेव्हा ती पदर फाडून दादाची पोटरी बांधत होती.

चौदा तारखेला कोर्टात माझी साक्ष आहे, त्यासाठी गावी येतोय. आबांनी फोनवर बजावलंय, पढवलंय तसंच बोलायचं, न्हायतर घरात पाय ठिवायचा न्हाय. तुझं म्हणून जप्त केलेलं खोरं त्या दिवशी समोर ठेवतील. मी त्या ट्यूबला हात लावून सांगणार, हे माझं, घाव पण माझाच. दादा समोर बसलेला असेल. त्याच्याकडं बघून बोलायला जमेल का ठाऊक नाही, पण बोलणार. पुढं मला आत घालतील ते घालतील. सुटून आलो की पाटावर येईन. तुझी पाळी असली तरी एक ओंजळ पिऊ दे.

तुझाच,
ऋत्या