जवळचे मित्र किती?

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (खरोखर घालायला गेलो तर कंबर धरेल, म्हणून कागदावरच घालतो.) पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं? पत्राचं कारण विचारशील तर तुझी भाची. तेराव्या वर्षी तोंडाला कुलूप लागतं का गं? महिना झाला, पोरगी ताट घेऊन खोलीत जाते, अर्धं तसंच परत आणते, आणि काहीही विचारलं की ‘काही नाही’. मी मोजलं, एका दिवसात सतरा वेळा. त्यातल्या तीन वेळा तर मी काही विचारलंही नव्हतं.

तू म्हणशील, वय आहे. तिची आईही तेच म्हणते. पण माझा स्वभाव तुला ठाऊक, नसत्या चौकशा केल्याशिवाय घास उतरत नाही. आधी वाटलं, मोबाईल. म्हणून जेवताना सगळ्यांचे मोबाईल डब्यात ठेवायचा नियम काढला. पहिल्याच दिवशी डब्यापाशी चारदा उठून गेलो तो मी. मग वाटलं, व्यायाम नाही. तिला सकाळी फिरायला नेलं, तर दुसऱ्याच वळणावर मला धाप लागली आणि ती बिचारी माझी पाठ चोळत बसली.

तेवढ्यात तिच्याच शाळेच्या समुपदेशक बाई आमच्या छापखान्यात आल्या. मुलांच्या मनाची विचारपूस करणारी प्रश्नावली, सहाशे प्रती. झोप किती, न्याहारी करता का, फोनवर दुसऱ्यांचे फोटो बघून आपण कमी आहोत असं वाटतं का, वगैरे. टाइप करता करता मी स्वतःचीच उत्तरं देत गेलो. (बाईंच्या हिशेबाने मला ताबडतोब कुणाला तरी दाखवायला हवं.) म्हटलं, घरातच पाखरू आहे, आधी त्याला विचारू. सरळ विचारलं असतं तर अठरावं ‘काही नाही’ मिळालं असतं, म्हणून साळसूदपणे म्हणालो, जरा चुका बघून दे गं, माझा चष्मा सापडत नाही. (चष्मा नाकावर होता.)

नवव्या प्रश्नाशी ती थबकली आणि अशी काही खिदळली की आतून तिची आई धावत आली. महिन्यातलं पहिलं हसू! कागद बघतो तर ‘तुला जवळचे मित्र किती?’ यातल्या मित्राला मी ऱ्हस्व वेलांटीऐवजी दीर्घ उकार दिलेला. (उच्चारून बघ, भावोजींसमोर नको.) “बाबा, हे असं छापलंस तर मला शाळा बदलावी लागेल,” म्हणत तिने चूक सुधारली, आणि त्याच लाल पेनाने पुढे उत्तरही लिहून टाकलं. ‘होते तीन.’

ताई, तीस वर्षं लोकांची वाक्यं तपासतोय, पण ते ‘होते’ मी चारदा वाचलं. मग हळूहळू निघालं. त्या तिघींनी फोनवर नवा ग्रुप काढला, हिला वगळून. का, ते कुणी सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. रोज मधल्या सुट्टीत ही पाणी प्यायला जाते आणि घंटा होईपर्यंत नळाशीच उभी राहते. मी इथे मोबाईलच्या नावाने खडे फोडतोय आणि माझं लेकरू तिथे एकटं उभं! चौकशा गुंडाळून ठेवल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. त्या दिवशी ती आमच्यात बसून जेवली. थोडंच, पण जेवली. बाईंना भेटायचंही तिने कबूल केलंय.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. मी तुला हे कळवलंय, ते तिला बोलू नकोस.

ता. क. २. बोललीस तरी चालेल. तुझा नवा पत्ता मला कुठे ठाऊक होता? तू तिला पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डावरून तिनेच लिहून दिला. कशाला हवा, ते विचारलंही नाही. मुकाट्याने तिकीट आणून दिलं.

ता. क. ३. चौदावा प्रश्न होता, ‘मनातलं कुणाला सांगावंसं वाटतं?’ तिथे तिने ‘आत्या’ लिहून खोडलं होतं. का खोडलंस, विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही दोघं बोलत नाही ना.” ताई, या रविवारी येशील? आईच्या शिलाई मशीनवरून आपण दोन वर्षं अबोला धरला, त्यात चूक माझी होती. (हे वाक्य दोनदा तपासलंय. दुरुस्ती नाही.)